खासगी जागेसाठी रस्ताफलक विकत घेताना: खर्च कुठे होतो आणि दर कसा मागवायचा

६०० मिमी व्यासाच्या गोल फलकाचा २ मिमी जाडीचा ॲल्युमिनियम पत्रा जेमतेम दीड किलो भरतो. त्याला धरणारा लोखंडी पाइप १५ किलोच्या आसपास आणि पाइपाखालचे काँक्रीट साधारण २९० किलो. पहिल्यांदाच फलक घेणारा माणूस भाव विचारतो तो त्या दीड किलोचा. खांब, खड्डा, क्लॅम्प, गाडीभाडे हे सगळे मग एकेक करून बिलात चढत जाते आणि ठरवलेल्या पैशांत काम बसत नाही. म्हणून भाव विचारायच्या आधी आपल्याला नेमके काय हवे ते मोजमापांसह कागदावर उतरवायचे. तो कागद कसा तयार करायचा, ते पुढे क्रमाने दिले आहे.

आधी जागा कोणाची ते पाहा

सार्वजनिक रस्त्यावर वाहतुकीचा फलक लावण्याचा अधिकार तो रस्ता सांभाळणाऱ्या यंत्रणेचा असतो. आपल्या दारासमोर गाड्या कितीही वेगाने जात असल्या, तरी स्वतःच्या पैशाने आणलेला ‘गती ३०’ तिथे रोवता येत नाही. तो काढून टाकला जातो आणि पैसे बुडतात, शिवाय त्यावरून अपघात झाला तर जबाबदारी अंगावर येते. अशा ठिकाणी संबंधित यंत्रणेकडे लेखी मागणी करणे हाच मार्ग आहे.

खासगी खरेदी शोभते ती आपल्या ताब्यातल्या जागेत: गृहसंकुलाचे आतले रस्ते, कारखान्याचे आवार, शाळा, रुग्णालय, वाहनतळ, शेतातला खासगी रस्ता. पण तिथेही चिन्ह आपल्या मनाचे काढू नका. चालक बाहेरच्या रस्त्यावरून शिकलेली चिन्हेच आत वाचतो. रस्त्यावरच्या चिन्हांविषयीच्या १९६८ च्या व्हिएन्ना करारामुळे अनेक देशांत आकारांची भाषा बरीच सारखी झाली आहे. लाल कडेचे वर्तुळ म्हणजे मनाई, लाल कडेचा त्रिकोण म्हणजे पुढे धोका, अष्टकोन म्हणजे थांबा. अष्टकोनी ‘थांबा’ तर चिखलाने माखला किंवा मागून दिसला तरी ओळखू येतो. प्रमाणित चिन्हांची मापे आणि रेखाटने ठरलेली असतात, त्यामुळे चित्र नव्याने आखण्याचे पैसे द्यावे लागत नाहीत. स्वतःचे चिन्ह काढायला गेलात की तो खर्च सुरू होतो, आणि चालकाला ते समजेलच असेही नाही.

माप ठरवणे: सर्वांत जास्त पैसे इथे वाचतात किंवा जातात

व्यास दीडपट केला की क्षेत्रफळ सव्वादोनपट होते. ६०० ऐवजी ९०० मिमीचा फलक मागितला, तर पत्रा आणि परावर्तक फिल्म दोन्ही सव्वादोनपट लागतात. वारा अडवणारे क्षेत्र वाढल्यामुळे खांबही जाड घ्यावा लागतो. आवारातल्या रस्त्यावर गाड्या ताशी २०-३० किमीने जात असतील, तर प्रमाणित चिन्हासाठी ६०० मिमी पुरते.

आता एक गोष्ट जी दुकानदार आपण होऊन सहसा सांगत नाही. पत्रा बहुधा १२२० × २४४० मिमीच्या तावात येतो. ६०० मिमीचे चौरस कापले, तर रुंदीत दोन आणि लांबीत चार असे आठ तुकडे निघतात, ताव जवळजवळ पूर्ण संपतो. ७५० मिमीचे चौरस कापायला घेतले, तर रुंदीत एकच बसतो आणि लांबीत तीन. म्हणजे आठाच्या जागी तीन! बाजूला ४७० मिमी रुंदीची लांबच लांब पट्टी उरते. परावर्तक फिल्मचा गुंडाळाही बहुतेक वेळा १२२० मिमी रुंदीचाच असतो, त्यामुळे तिथेही तीच नासाडी. ७५० चा फलक खरोखर हवाच असेल, तर त्या उरलेल्या पट्टीतून ‘पुढे १०० मीटर’ किंवा बाणाच्या आडव्या पूरक पाट्या त्याच वेळी कापून घ्या. वेगळ्या दिवशी मागवल्या, तर त्यांच्यासाठी नवा ताव फुटेल.

गोल फलकाचा दर चौरसाइतकाच लावला म्हणून कोणी फसवतो आहे असे समजू नका. चौरसातून गोल कापताना साडेएकवीस टक्के पत्रा वाया जातो, अष्टकोनात सतरा टक्के. त्रिकोण मात्र एक सरळ आणि एक उलटा असे शेजारी मांडून कापता येतात. म्हणून एकाच मापाचे चार-सहा त्रिकोण एकत्र मागवत असाल, तर दर कमी करून मागायला जागा असते.

अक्षरांचा फलक असेल तर मापाचा हिशेब उलट्या बाजूने करायचा. रोमन मोठ्या अक्षरांसाठी जुना ठोकताळा असा की दर ९ मीटर अंतराला २५ मिमी उंची. म्हणजे १०० मिमीचे अक्षर ३६ मीटरवरून वाचता येते. ताशी ३० किमीने येणारी गाडी ते अंतर सव्वाचार सेकंदांत कापते. देवनागरीत शिरोरेषेपासून खालपर्यंतची उंची हे अक्षराचे माप धरा आणि वरच्या वेलांट्या, रफार, खालचे उकार यांसाठी साधारण तेवढ्याच्या निम्मी जागा वेगळी सोडा. ती सोडली नाही, तर वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची मात्रा एकमेकांत अडकतात आणि दुरून ते सगळे काळे ठिपके दिसतात. शब्द कमी करणे हा फलक स्वस्त करण्याचा सर्वांत सोपा उपाय आहे. ‘कृपया वाहने सावकाश चालवावीत’ यातला ‘सावकाश’ एवढा एकच शब्द ठेवला, तर फलक अर्ध्याहून लहान होतो आणि वाचलाही जातो.

पत्रा

२ मिमी ॲल्युमिनियम चौरस मीटरला ५.४ किलो भरते, ३ मिमी ८.१ किलो. ६०० मिमीच्या फलकाला २ मिमी भरपूर झाले. १.५ मिमीही चालते, पण मग मागे आडवी पट्टी किंवा चॅनेल (खाचेची धातूची पट्टी) हवाच, नाहीतर जोराच्या वाऱ्यात कडा वाकते. एक चौरस मीटरच्या पुढच्या फलकाला ३ मिमी आणि मागे किमान दोन चॅनेल धरा.

ॲल्युमिनियम कंपोझिट म्हणजे दोन पातळ पत्र्यांमध्ये प्लॅस्टिकचा थर. तो हलका, सपाट आणि स्वस्त असतो. आडोशाच्या जागी, भिंतीवर, वाहनतळात तो बिनधास्त वापरा. उघड्यावर एका खांबावर लावला आणि क्लॅम्पचे बोल्ट करकचून आवळले, तर वरचा पातळ पत्रा दबतो आणि तिथून पाणी आत शिरते. जस्त चढवलेला लोखंडी पत्रा दिसायला मजबूत असतो, पण २ मिमी जाडीला चौरस मीटरमागे १५.७ किलो भरतो आणि कापलेल्या कडेवर जस्त उरत नाही. गंज तिथूनच सुरू होतो आणि फिल्मच्या खाली सरकतो. समुद्राजवळ तो घेऊच नये.

माल ताब्यात घेताना खात्री करणे सोपे आहे. लोहचुंबक लावा: चिकटला तर लोखंड. कड पाहा: दोन चकचकीत रेघांमध्ये काळा किंवा राखाडी थर दिसला तर कंपोझिट. जाडी व्हर्नियरने मोजा. व्हर्नियर नसेल तर वजन करा. ६०० मिमीचा गोल २ मिमी ॲल्युमिनियमचा असेल, तर नुसता पत्रा दीड किलोच्या आसपास भरलाच पाहिजे. मागचा चॅनेल बसवला असेल, तर त्याचे वजन वेगळे धरा.

फिल्म: फलकाचा खरा जीव

दिवसा सगळे फलक सारखेच दिसतात. रात्री गाडीच्या दिव्याचा प्रकाश आला तिकडे परत पाठवते ती फिल्म, आणि दरातला सर्वांत मोठा फरक तिच्यात असतो. साधी फिल्म काचेच्या बारीक मण्यांची, महाग फिल्म सूक्ष्म लोलकांची (प्रिझमची). अमेरिकी मानक एएसटीएम डी४९५६ मधले प्रकार बऱ्याच ठिकाणी बोलीभाषेत वापरले जातात. त्यात नव्या पांढऱ्या फिल्मने ०.२ अंशांच्या कोनात परत पाठवायच्या प्रकाशाची किमान पातळी अशी आहे: टाइप १ साठी ७०, टाइप ३ साठी २५०, टाइप ४ साठी ३६० आणि टाइप ११ साठी ५८०. एकक चौरस मीटरला लक्समागे कॅन्डेला. म्हणजे लोलकांची टाइप ४ फिल्म मण्यांच्या टाइप १ पेक्षा पाचपट उजळ असते. उत्पादकांची हमी साधारणपणे टाइप १ ला ७ वर्षे, टाइप ४ ला १० आणि टाइप ११ ला १२ वर्षांच्या आसपास असते.

एक हिशेब मांडून पाहा. समजा, पैशांच्या कोणत्याही एककात टाइप १ चा फलक तुम्हाला ४० ला पडला आणि टाइप ४ चा ५८ ला. फलक उतरवून नवा चढवायची मजुरी दोन्हीकडे १०. पहिल्याचे ५० भागिले ७ म्हणजे वर्षाला ७.१, दुसऱ्याचे ६८ भागिले १० म्हणजे ६.८. प्रत्यक्षातले दर टाकून हाच भागाकार करा. वर्षाच्या हिशेबात दोन्ही बहुधा एकमेकांच्या जवळ येतात आणि उजेड पाचपट मिळतो. जिथे रात्री गाड्या चालतात तिथे टाइप १ घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. टाइप ११ आणखी उजळ असते, पण आवारातल्या रस्त्यावर त्यासाठी जादा पैसे मोजायची गरज नाही.

रंग कसा चढवला आहे हे विचारायला विसरू नका, कारण सर्वांत वाईट फसगत इथेच होते. पांढऱ्या परावर्तक फिल्मवर लाल कडा उमटवायची तर लाल शाई किंवा लाल फिल्म पारदर्शक असावी लागते. प्रकाश तिच्यातून आत जातो, मागच्या पांढऱ्या फिल्मवरून परततो आणि लाल होऊन बाहेर येतो. काही जण त्याऐवजी दुकानांच्या पाट्यांचे साधे अपारदर्शक लाल व्हिनाइल चिकटवतात. दिवसा ते छान तांबडे दिसते. रात्री दिवा पडला की कडा काळीकुट्ट होते आणि ‘गती ३०’ च्या जागी नुसता पांढऱ्या गोलातला आकडा उरतो. काळी अक्षरे मात्र अपारदर्शकच असायला हवीत.

एक-दोन फलकांसाठी डिजिटल छपाई परवडते, पण वर अतिनील किरणे अडवणारे पारदर्शक आवरण हवेच. त्याशिवाय लाल आणि पिवळा उन्हात लवकर विटतात. एकसारखे पंचवीस-तीस फलक असतील तर स्क्रीन छपाई स्वस्त पडते. प्रत्येक रंगाला एक चौकट बनवावी लागते आणि तो खर्च सगळ्या फलकांवर वाटला जातो. एकच फलक मागवणाऱ्याला दर जास्त का पडतो, याचे उत्तर या एकदाच होणाऱ्या खर्चात आहे. शेजारच्या संकुलालाही फलक हवे असतील तर मागणी एकत्र करा.

खांब, पाया आणि वारा

माणसे खालून चालत जाणार असतील, तर फलकाची खालची कड जमिनीपासून २.१ मीटर उंच असावी. त्यात फलकाचे ०.६ आणि जमिनीखालचे ०.५५ मीटर मिळवले की पाइप ३.२५ मीटर लागतो. पाइप बहुतेक ठिकाणी ६ मीटर लांबीत मिळतो, म्हणजे एका पाइपात एकच खांब निघतो. चालणाऱ्यांची वाट नसलेल्या ठिकाणी खालची कड दीड मीटरवर ठेवता येते, तेव्हा २.६५ मीटर पुरतात आणि एका पाइपात दोन खांब बसतात. कोणत्या जागी कोणती उंची हवी हे आधी ठरवले, तर खांबांच्या पैशात लक्षणीय फरक पडतो.

६० मिमी बाह्य व्यास आणि ३.२ मिमी जाडीचा जस्तलेपित पाइप मीटरला साडेचार किलो भरतो आणि ६०० मिमीच्या एका फलकाला पुरतो. ताशी १४४ किमीच्या वादळी वाऱ्यात ६०० मिमीच्या चौरस फलकावर साधारण ४२ किलोचा रेटा येतो. एक चौरस मीटरच्या फलकावर हाच रेटा ११७ किलोवर जातो आणि तोच पाइप बुडाशी वाकतो. मोठ्या फलकाला म्हणूनच दोन खांब किंवा ८९ मिमी व्यासाचा, ४ मिमी जाड पाइप मागा. दरपत्रकात नुसते ‘जीआय पाइप’ (म्हणजे जस्तलेपित लोखंडी पाइप) लिहिले असेल तर व्यास आणि जाडी लिहून घ्या. पातळ पाइप बाहेरून ओळखू येत नाही.

खड्डा ४५० × ४५० मिमी आणि ६०० मिमी खोल. भुसभुशीत किंवा भरावाची जमीन असेल तर ७५० मिमी. एक भाग सिमेंट, दोन भाग वाळू, चार भाग खडी या प्रमाणात ६०० मिमीच्या खड्ड्याला साधारण ३८ किलो सिमेंट लागते. खणण्याआधी खालून वीज, पाणी किंवा गॅसची वाहिनी जाते का ते नकाशावर पाहून घ्या. पाइपाच्या बुडाशी २०० मिमीची आडवी सळई वेल्ड करून घ्या, नाहीतर दोन पावसाळ्यांनंतर वाऱ्याने पाइप काँक्रीटमध्येच फिरतो आणि ‘थांबा’ कुंपणाकडे तोंड करून उभा राहतो. वेल्डिंगने जस्त जळते, त्या जागेवर जस्ताचा रंग मारायचा. काँक्रीटचा माथा जमिनीपेक्षा थोडा वर आणि चारही बाजूंना उतरता ठेवा, म्हणजे बुडाशी पाणी साचत नाही. पाइपाचे वरचे तोंड टोपीने बंद करा. ओळंबा दोन बाजूंनी पाहा आणि फलक ७ दिवसांनी चढवा. तोवर काँक्रीटवर ओले पोते ठेवा.

फलक मागच्या चॅनेलला क्लॅम्पने धरलेला असावा. समोरून भोके पाडून बोल्ट मारले, की लोलकांच्या फिल्मच्या कप्प्यांत पाणी शिरते आणि भोकाभोवती काळपट डाग पसरतो. बोल्ट स्टेनलेसचे, मध्ये नायलॉनचा वॉशर. ॲल्युमिनियम आणि लोखंड ओल्यात एकमेकांना टेकले की ॲल्युमिनियम पांढरे पडून झिजते. चोरीची भीती असेल तर आवळल्यावर डोके तुटणारे नट मागा. ते थोडे महाग असतात, पण नवीन फलकापेक्षा खूपच स्वस्त.

दर मागवण्याचा कागद

आता वरचे सगळे एका परिच्छेदात बसते. नमुना असा: ‘गतिमर्यादा २०, गोल, व्यास ६०० मिमी, ४ नग. पत्रा ॲल्युमिनियम २ मिमी, मागे एक चॅनेल, मागची बाजू राखाडी. फिल्म लोलकांची, टाइप ४, उत्पादकाच्या हमीपत्रासह. लाल कडा पारदर्शक शाईची किंवा पारदर्शक फिल्मची, आकडा अपारदर्शक काळा. खांब जस्तलेपित, ६० मिमी बाह्य व्यास, ३.२ मिमी जाड, ३.२५ मीटर, टोपी आणि बुडाच्या सळईसह. स्टेनलेस बोल्ट, नायलॉन वॉशर. फलक, खांब, पाया, वाहतूक आणि बसवणे यांचे दर वेगवेगळे द्यावेत. कर वेगळा दाखवावा.’

हाच कागद तिघांना पाठवा. दर वेगवेगळे मागायचे कारण साधे आहे. एकाचा फलक स्वस्त असतो आणि पाया महाग, दुसऱ्याचे उलट. पाया तुम्ही स्थानिक गवंड्याकडून करून घेऊ शकता, फलक मात्र त्या कामातल्या माणसाकडूनच घ्यावा. कोणी दर चौरस फुटात देतो, कोणी नगावर. तुलना करताना १ चौरस मीटर म्हणजे १०.७६ चौरस फूट हे लक्षात ठेवा. ६०० मिमीचा चौरस ३.८८ चौरस फुटांचा होतो, ४ फूट धरून बिल आले तर विचारा.

भंगारातला जुना रस्ताफलक स्वस्तात मिळतो म्हणून घेऊ नका. तो सार्वजनिक मालमत्तेतून चोरलेला असू शकतो आणि विकत घेणाराही अडचणीत येतो. रीतसर विक्रीची पावती असली, तरी तो सहसा फिल्म मेल्यामुळेच उतरवलेला असतो.

ताब्यात घेताना

शेवटचा हप्ता रात्रीच्या तपासणीपर्यंत राखून ठेवा. अंधारात फलकापासून दहा-पंधरा मीटरवर उभे राहा आणि मोबाइलचा टॉर्च डोळ्याच्या अगदी बाजूला, कानशिलाला लावून धरा. परावर्तक फिल्म प्रकाश आला तिकडेच परत पाठवते. टॉर्च कमरेजवळ धरलात, तर चांगला फलकही निस्तेज वाटेल. पूर्ण पांढरा भाग एकसारखा उजळायला हवा आणि लाल कडा लालच दिसायला हवी. ढगासारखे मंद पट्टे दिसले, तर फिल्म हाताने आणि घाईत चिकटवली आहे किंवा पत्रा आधी नीट धुतलेला नाही. कडेवर नख फिरवा. फिल्म उचलली गेली तर तो फलक परत करा, कारण पहिल्याच पावसात पाणी तिथून आत जाईल.

फलक आले आणि बसवायला वेळ असेल, तर एकावर एक रचू नका. कोरड्या जागी उभे ठेवा. भिजलेले पुठ्ठे आणि प्लॅस्टिक लगेच काढा, कारण दोन फलकांमध्ये अडकलेल्या ओलाव्याने फिल्मवर पडलेले डाग निघत नाहीत. बसवताना फलकाचे तोंड रस्त्याच्या काटकोनापासून सुमारे ५ अंश बाहेर वळवा, म्हणजे चकाकी थेट चालकाच्या डोळ्यांत जात नाही.

पुढे वर्षातून दोनदा साध्या साबणाच्या पाण्याने आणि मऊ फडक्याने पुसणे आणि आड येणाऱ्या फांद्या छाटणे एवढेच काम राहते. घासणी, थिनर आणि जोराच्या धारेचा पंप फिल्मवर वापरू नका. फलकाच्या मागे कोपऱ्यात बसवल्याचा महिना-वर्ष आणि फिल्मचा प्रकार पक्क्या मार्करने लिहून ठेवा. हमी मागताना पहिला प्रश्न तोच विचारला जातो.